हिरवे बूट

पहिली आरोळी श्रीरंगची.
तडित नुकता पाण्याच्या टाकीवर उतरला होता,
वीज अजून त्याच्या खांद्यावर तडतडत होती,
आणि पन्नाशीला टेकलेला श्रीरंग रेशिमवाले,
बँकेत मॅनेजर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले,
खुर्चीवरून उठून म्हणाला,
"भिया, बूट हरे थे!"

पुढच्या रांगेतलं पोरगं वळलं.
अंगात तडितचा टी-शर्ट, कालच घेतलेला,
घडीच्या रेघासुद्धा न मोडलेला.
"अंकल, ट्रेलर में भी काले ही थे."
त्याला कसं सांगायचं
की सातव्या अंकात छापखान्याची शाई हलली,
निळ्यावर पिवळा चढला,
आणि त्या चुकीच्या जोरावर
तडितला पाण्यावरून चालता येतं
असं आम्ही अख्खा मे महिना भांडून ठरवलं होतं.

मल्हारगंजात चोरडियांच्या पिठाच्या गिरणीला लागून
दोरीवर टांगलेली असायची कॉमिक्स, वाळत घातल्यासारखी.
दिवसाला पंचवीस पैसे, चौघांत एक अंक.
हुजैफा सियागंजातून सायकलवर यायचा.
घनश्याम लालवानीकडे पैसे असत, श्रीरंगकडे घाई,
माझ्याकडे दप्तरात लपवायची जागा.
पानापानावर पीठ.
तडितच्या विजेलाही आमच्यासाठी
गरम गव्हाचा वास यायचा.

त्रेचाळिसाव्या अंकाला शेवटची चार पानं नव्हती.
तडित घंटाघराच्या मोठ्या काट्याला एका हातानं लटकलेला,
मुखवट्याची दोरी सुटत आलेली,
खाली सगळं शहर माना वर करून,
आणि पान उलटलं की
थेट दंतमंजनाची जाहिरात.

छत्तीस वर्षं.
हुजैफा म्हणत आला, आत घड्याळजी आहे,
म्हणून तर काटा त्याला सोडत नाही.
घनश्याम म्हणे, मुखवट्याखाली दुसरा मुखवटा.
श्रीरंगला खात्री, आपले भूगोलाचे सरवटे सर;
त्यांचीही डावी बाही नेहमी जळकी.
मी म्हणायचे, आत मुलगी आहे.
तिघं हसायचे,
पण नाही, असं कुणी ठामपणे म्हणायचं नाही.
पुरावा कुणाकडे होता?

विजयनगरच्या मॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
शेवटी ती दोरी सुटली.
मुखवटा पडला, खूप वेळ पडत राहिला,
आणि वर काट्याला लटकत उरला
वीजमंडळातला एक कारकून.
बारीक मिशी. घाबरलेला.

आधी नुसती शांतता. मग कल्ला.
"ये क्या बना दिया यार!"
कुणीतरी पडद्याकडे पॉपकॉर्न भिरकावले.
टी-शर्टवालं पोरगं हातात डोकं धरून बसलं.
"पढ़ी भी थी इन लोगों ने?" हुजैफाचा आवाज फाटला,
जसा तेराव्या वर्षी फाटायचा.
सगळ्यांत मोठ्यानं ओरडले मी:
खोटं! साफ खोटं! असं नव्हतंच!

रात्री साडेबाराला सराफ्यात
गराडू तळून येईपर्यंत
तिघं मिळून दिग्दर्शकाला सोलत होते.
एवढे कोटी घातले, म्हणे, आणि निघाला कोण, तर बाबू.
मी जिरावण भुरभुरवत राहिले.

बारीक मिशी. वीजमंडळ.
डाव्या गालावरचा तीळसुद्धा
बरोबर जागी ठेवला होता त्यांनी.
फार मन लावून वाचलं होतं कुणीतरी.

अकरा वर्षांची होते मी.
गिरणीचा पट्टा फिरत असला
की कागद फाटलेला ऐकू येत नाही.
ती चार पानं भूगोलाच्या वहीच्या कव्हरखाली
लग्नानंतर दोन घरं बदलून आली आहेत.

"वो पन्ने जिसने फाड़े ना," हुजैफा म्हणाला,
"एक बार मिल जाए..."
पुढचं बोललाच नाही.
द्रोणातला शेवटचा गराडू माझ्याकडे सरकवला.
"इससे तो तेरी लड़की अच्छी थी."

फार गरम होता.
तसाच खाल्ला.